पुढून मराठी, बाजूने इंग्रजी : बेस्टच्या महाव्यवस्थापकांस अनावृत पत्र

मा. महाव्यवस्थापक,
बृहन्मुंबई विद्युत पुरवठा आणि परिवहन उपक्रम,
बेस्ट भवन, कुलाबा, मुंबई

महोदय,

आपल्या दफ्तरी रोज जो पत्रव्यवहार दाखल होतो, त्यात अमुक मार्गावर गाड्या वाढवाव्यात, तमुक थांब्यावर निवारा बांधावा किंवा विजेचे देयक फाजील आले, अशा मजकुराचे अर्जच बहुसंख्य असणार. आणि परळच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत एकतीस वर्षे इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या मास्तराने, मुलांना इंग्रजी बोलता यावे एवढ्यासाठी आपल्याकडे काही मोडीत काढलेल्या पाट्या, काही कालबाह्य तिकिटे आणि दुपारच्या रिकाम्या वेळातील एक गाडी मागावी, हा अर्ज कोणत्या खात्याकडे रवाना करावा, असा पेच आपल्या कारकुनास पडल्यावाचून राहणार नाही. शिक्षण हे महापालिकेच्या शिक्षण खात्याचे काम आणि उतारूंची ने-आण हे आपले, ही कामाची वाटणी मलाही ठाऊक आहे. तरीही हे पत्र मी शिक्षणाधिकाऱ्यांस न लिहिता आपणांस, आणि तेही चारचौघांत, लिहीत आहे. कारण माझ्या विद्यार्थ्यांनी कोणी न सांगता, गुणांची आशा न धरता, इंग्रजीचे जे एकमेव पुस्तक वाचले, ते पुण्यास छापलेले नव्हते. ते आपल्या आगारांतून रोज पहाटे बाहेर पडत असे.

गाडीच्या कपाळावर मार्गाचा क्रमांक आणि अखेरचे ठिकाण देवनागरीत लिहावयाचे आणि तोच तपशील कुशीवर इंग्रजीत द्यावयाचा, ही आपल्याकडील जुनी रीत. परगावचा पाहुणा देवनागरी चाराला इंग्रजी आठ समजून फसतो आणि गाडी पुढून निसटू लागली म्हणजे तिचा खरा क्रमांक त्यास कळतो, अशी थट्टा आम्ही मुंबईकरांनी पुष्कळ केली. आता विजेच्या पाट्यांवर दोन्ही लिप्या आळीपाळीने उमटतात, त्यामुळे ती थट्टाही जुनी होत चालली आहे. परंतु पहिलीतले पोर बापाच्या खांद्यावरून आधी समोरची आणि मग बाजूची पाटी वाचते, आणि ‘दादर’ या तीन अक्षरांना इंग्रजीत पाच का लागतात असा प्रश्न विचारते, तेव्हा त्याचा इंग्रजीचा अभ्यास सुरू झालेला असतो. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी याच शहरात ‘दर्पण’ सुरू केले, त्याच्या प्रत्येक पृष्ठावर मराठी आणि इंग्रजी असे दोन स्तंभ शेजारी शेजारी होते. एका भाषेचा वाचक दुसरीकडे सहज डोकावून पाहील, ही त्यामागील योजना. त्या दोन स्तंभांची परंपरा आमच्या शाळांनी टाकली आणि आपल्या गाड्यांनी नकळत चालविली, असे मी म्हटले तर त्यास अतिशयोक्ती म्हणावे. खोटे म्हणू नये.

आता शाळेकडे वळतो. इंग्रजी शिकविण्यासाठी प्रवासाचा विषय घ्यावा ही कल्पना नवी नाही. वर्गात विमानतळ मांडावा, एका मुलाने पारपत्र तपासावे, दुसऱ्याने हॉटेलात खोली मागावी, तिसऱ्याने हरवलेल्या सामानाची फिर्याद द्यावी, असे पाठ जगभरच्या शिक्षकांसाठी तयार केलेले आढळतात आणि ते वाईट नसतात. माणूस परक्या मुलखात निघाला म्हणजे त्यास भाषेची गरज पडते, हे गृहीतही बरोबरच आहे. प्रश्न एवढाच, की त्या पाठांतील उतारू कोण असतो? त्याच्यापाशी पैसे असतात, सुटी असते, चाकांची पेटी असते, आणि परत जावयास एक मोठे घर असते. लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीतून शाळेत आलेल्या मुलास आम्ही त्याचे सोंग देतो. मुले सोंग हौसेने वठवितात, टाळ्याही पडतात. पण घंटा झाली की पारपत्राचा पुठ्ठा कपाटात जातो आणि त्याबरोबर ते इंग्रजीही कपाटात जाते.

हे शहाणपण मला आरंभापासून होते, असे मात्र आपण समजू नये. नोकरीच्या पहिल्याच वर्षी, जून महिन्यात शाळा उघडताच, मी आठवीच्या वर्गास ‘सुटीतील माझा प्रवास’ या विषयावर इंग्रजीत दहा वाक्ये लिहावयास सांगितली. १९८२ चा गिरणी संप होऊन तीन-चार वर्षे झाली होती. कितीएक घरांत तेव्हापासून पगाराचे पाकीट आलेले नव्हते, हे मला ठाऊक असूनही सुचले नाही. एका मुलाने वही कोरी दिली आणि कोऱ्या वहीस जे द्यावयाचे ते, म्हणजे शून्य, मी तांबड्या शाईने दिले. पुढे गणपतीच्या दिवसांत समजले, की तो सबंध मे महिना चिवडा गल्लीतल्या एका दुकानात पुड्या बांधीत होता. त्याने बांधलेल्या पुड्या कर्जत-कसाऱ्यापर्यंत गेल्या. तो मात्र जागचा हलला नाही, आणि त्याच्या मास्तराने त्यालाच प्रवासाचे वर्णन मागितले. ते शून्य मी पुढे खोडले. खोडलेले शून्य वहीत अधिकच ठळक दिसते, हा अनुभव कोणत्याही शिक्षकास असेल.

दुसरा प्रसंग त्यानंतर पुष्कळ वर्षांनी घडला आणि त्याने माझ्या शिकविण्याची दिशा फिरविली. परळास १९२६ पासून केईएम आहे आणि १९४१ पासून टाटा रुग्णालय. या दोन इमारतींमुळे हिंदुस्थानातील कोणत्याही प्रांताचा मनुष्य, आयुष्यातील सर्वांत कठीण प्रवास करून, हातात चाचण्यांच्या कागदांची पिशवी घेऊन, आमच्या शाळेच्या फाटकासमोर केव्हा ना केव्हा उभा राहतो. असेच ईशान्येकडील एक कुटुंब, मराठी नाही, हिंदीही जेमतेम, शाळा सुटण्याच्या वेळी नववीतल्या एका मुलीस इंग्रजीत रस्ता विचारू लागले. ती मुलगी रुग्णालयाच्या मागच्याच चाळीत लहानाची मोठी झालेली. तिने ‘गो स्ट्रेट’ एवढे दोन शब्द उच्चारले, पुढे काही सुचेना, तेव्हा त्यांच्यातील म्हातारीचा हात धरला आणि तिला थेट दारापर्यंत पोहोचवून आली. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, “सर, रस्ता येत होता, इंग्रजी येत नव्हतं.”

मी या वाक्यावर पुष्कळ विचार केला. त्याच मुलीने सहामाहीत ‘लंडनमधील वाटसरूस रेल्वे स्थानकाचा रस्ता विचारा’ या संवादास सहापैकी पाच गुण मिळविले होते. म्हणजे मी तिला रस्ता विचारण्याचे इंग्रजी शिकविले होते, सांगण्याचे नव्हते. परक्या गावी पाहुणी होण्याचे शिकविले होते, स्वतःच्या परळात यजमान होण्याचे नव्हते. महोदय, माझे सांगणे काय ते एवढेच आहे, आणि पुढील सारा मजकूर त्याचाच विस्तार समजावा : मराठी मुलास प्रवासातून इंग्रजी शिकवावयाचे असेल, तर त्यास आधी उतारू करू नये, वाटाड्या करावे. ज्या रस्त्याची त्यास पायाखालची माहिती आहे, त्या रस्त्याविषयी बोलताना त्याला फक्त भाषेचीच अडचण उरते, आणि एकच अडचण असली म्हणजे मूल ती ओलांडते.

यास शास्त्राचा आधार पाहिजे असेल तर तोही घरचाच आहे. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर, मद्रास आणि आसपासच्या साध्या, गर्दीच्या शाळांत एक प्रयोग केला. व्याकरणाचे नियम आणि वाक्यांची घोकंपट्टी बाजूस ठेवून मुलांपुढे रेल्वेची वेळापत्रके, नकाशे, आराखडे मांडावयाचे आणि अमक्या वेळी पोहोचावयाचे तर कोणती गाडी धरावी अशी कोडी इंग्रजीतून सोडवावयास लावावयाची, असे त्याचे स्वरूप होते. मन अर्थाकडे लागले असता भाषेची घडण आपोआप अंगवळणी पडते, हा त्यामागील विचार. जगभरच्या भाषाशिक्षणाच्या ग्रंथांत या प्रयोगाची दखल घेतली गेली. आमच्या शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गांत मात्र त्याचे नाव मी क्वचितच ऐकले. असो.

मग आम्ही काय केले ते सांगतो. आधी बाके दोन रांगांत लावून मध्ये वाट ठेवली, ती झाली गाडी. कंडक्टर होण्यास सगळेच तयार, म्हणून चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या. तिकीट मागताना पहिला अडसर आला तो ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांचा. फळ्यावर हा भेद शंभर वेळा सांगूनही कळत नाही, परंतु पंधराच्या ऐवजी पन्नास मागितले म्हणून उतारूने भांडण काढले, की त्याच दिवशी कळतो आणि पुन्हा विसरत नाही. (मे २०२५ मध्ये आपले किमान भाडे साध्या गाडीस पाचाचे दहा आणि वातानुकूलित गाडीस सहाचे बारा झाले, तेव्हा शहरात काय प्रतिक्रिया उमटल्या त्या आपण जाणताच; ज्या रात्रशाळेत मी निवृत्तीनंतर आठवड्यातून दोन दिवस जातो, तिच्या वर्गास मात्र ‘फ्रॉम’ आणि ‘टू’ या अव्ययांचे इतके चोख उदाहरण दुसरे मिळाले नसते.) दुसरा अडसर अधिक सूक्ष्म होता. आमची मुले इंग्रजीत उद्धट वाटतात, असा आरोप नोकरी देणारे साहेब करतात. मुले उद्धट नसतात. मराठीत सभ्यता ही क्रियापदाच्या शेपटात आणि एका ‘जरा’त राहते. ‘सरक’, ‘सरका’, ‘जरा सरका’, ‘जरा सरकता का’, ही आपल्या कंडक्टरांची रोजची पायरीपायरीने चढणारी अदब. ‘कृपया’ हा शब्द मात्र पाटीवर राहतो, तोंडी येत नाही. इंग्रजीने आपली अदब क्रियापदाच्या शेपटात न ठेवता वाक्याच्या तोंडाशी ठेवली आहे, हे व्याकरणाच्या तासाला सांगून जमेना. पण गाडीच्या खेळात प्रत्येक ‘जरा’साठी एक ‘कुड यू’ द्यावयाचा असा सौदा ठरविला, आणि पंधरवड्यात वर्ग इतका सभ्य झाला की मलाच संकोच वाटू लागला.

पत्ता सांगण्याचा खेळ त्याहून मौजेचा. आपण मराठीत घर सांगतो ते दुरून जवळ येत : लालबागला उतरा, भारतमाताच्या बाजूची गल्ली धरा, तिथली तिसरी चाळ, दुसरा मजला, जिन्यासमोरची खोली. इंग्रजी वाक्य खोलीपासून निघते आणि मजला, चाळ, गल्ली करीत लालबागेस पोहोचते. हे ध्यानात यावे म्हणून मुलांना दारापासून फळ्यापर्यंत चालत मराठीत आणि त्याच वाटेने पाठमोरे परत येत इंग्रजीत पत्ता सांगावयास लावले. पाठमोरे चालताना बाकांवर आपटून एक-दोघांचे गुडघे फुटले, परंतु ‘इन’, ‘ऑन’, ‘ऑपोझिट’ आणि ‘बिहाइंड’ जागच्या जागी बसले. एक अडचण अखेरपर्यंत हटली नाही, ती डाव्या-उजव्याची. तोंडाने ‘लेफ्ट’ म्हणून उजवा हात दाखविणारी मुले प्रत्येक वर्गात निघाली, आणि ती हातानेच बरोबर असत.

दादर स्थानकाने आम्हांस एक कोडे बरीच वर्षे फुकट पुरविले. पश्चिम रेल्वेचाही फलाट क्रमांक एक आणि मध्य रेल्वेचाही फलाट क्रमांक एक, त्यामुळे ‘प्लॅटफॉर्म नंबर वनवर भेट’ या निरोपाने किती जणांची चुकामूक झाली असेल याचा हिशेब नाही. एक मुलगा माटुंगा रोडहून येणार, दुसरी मुलगी परळहून, दोघांनी एकमेकांस न पाहता, केवळ इंग्रजी बोलून भेटीची जागा ठरवावयाची. जे ‘विच वन?’ असा प्रतिप्रश्न करतील ते भेटतील, जे करणार नाहीत ते पुलाच्या दोन टोकांस उभे राहतील. ९ डिसेंबर २०२३ पासून मध्य रेल्वेच्या फलाटांना आठपासून चौदापर्यंत क्रमांक देण्यात आले आणि प्रवाशांची सोय झाली. माझे कोडे मात्र संपले. लोकसोयीपुढे शिक्षकाचे नुकसान ते काय, असे मनाशी म्हणून मी ते सोडून दिले.

‘दादर टीटी’ मात्र अद्याप कोणी हिरावून घेतलेले नाही. टॅक्सीवाला, कंडक्टर, शाळकरी पोर, सारे तोंडभरून टीटी म्हणतात. त्या दोन अक्षरांत ट्रामचे अखेरचे स्थानक दडलेले आहे आणि बोरीबंदराहून दादरला येणारी शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री धावून गेली आहे, हे ऐकले म्हणजे मुले चकित होतात. घरी जाऊन आजी-आजोबांस विचारून या, असे सांगितले की दुसऱ्या दिवशी वर्गात ट्रामची घंटा वाजू लागते. आणि येथे इंग्रजीचा एक दुर्घट प्रयोग सुलभ होतो. ‘द ट्राम यूज्ड टु स्टॉप हिअर’ यातील ‘यूज्ड टु’ म्हणजे काय, हे मी वर्षानुवर्षे ‘सवय असणे’ असे घोटून सांगत होतो. वास्तविक आपल्या मराठीत त्यासाठी केवढे सुंदर रूप आहे : ट्राम येथे थांबे. रीतिभूतकाळ. ‘थांबे’, ‘जाई’, ‘येई’ ही रूपे आजीच्या तोंडी अजून आहेत, नातवाच्या तोंडून ती गेली. इंग्रजी शिकता शिकता मुलांना ती परत सापडली, हा लाभ अभ्यासक्रमात कोठेही नमूद नाही.

याच धाग्याने आम्ही गावाकडे गेलो. गिरगाव-लालबागच्या चाळीतील बहुतेक बिऱ्हाडांचे एक गाव असते, आणि ते कोकणात असले तर त्याची वाट प्रत्येक पिढीने निराळ्या वाहनाने कापलेली असते. एका वर्षी मी सांगितले, की एकाच गावी जाण्याच्या तीन पिढ्यांच्या तीन वाटा लिहा. आजी भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने जाई, पोटात ढवळून येई, बंदरात पडावात उतरे. वडील परळहून रात्रीच्या एसटीने गेले, घाटात गाडी बंद पडली, सकाळी टपरीवर चहा प्याले. मी कोकण रेल्वेने जातो, बोगदे मोजतो. (ती रेल्वे २६ जानेवारी १९९८ पासून पूर्णपणे सुरू झाली, त्यापूर्वी जन्मलेले आणि नंतर जन्मलेले अशी कोकण्यांची विभागणी करावयास हरकत नाही.) तीन पिढ्या, तीन वाहने, क्रियापदाची तीन रूपे. ज्या मुलांकडून पूर्वी सुटीवर दहा वाक्ये निघत नसत, अशांनी दोन-दोन पाने लिहिली. आणि जो स्वतः कोठे गेला नव्हता, त्यालाही आजी होतीच.

या निबंधांत एक शब्द पुनःपुन्हा अडला, तो ‘गाव’. शब्दकोशातील ‘व्हिलेज’ लिहिले की मुलांचे समाधान होईना. व्हिलेज कोणाचेही असू शकते, गाव आपलेच असते, तेथे जन्म झालेला नसला तरी. मुलांनी आपण होऊन ‘नेटिव्ह प्लेस’ लिहिले. हा प्रयोग इंग्लंडात चालत नाही म्हणून माझे वरिष्ठ सहकारी त्याखाली लाल रेघ ओढीत. मी कधी ओढली नाही. ज्या भाषेने आपल्या मुलखातून बंगला, व्हरांडा आणि चटणी उचलून नेली, तिने आमचे एक गाव सांभाळले तर तिचे काय बिघडते?

गणेशोत्सवाचे दहा दिवस लालबागेत अभ्यास होत नाही, अशी सर्व शिक्षकांची तक्रार. १९३४ पासून लालबागचा राजा बसतो आणि दर्शनाच्या रांगा आमच्या दारावरून जातात, तेथे पुस्तक कोण उघडणार? मी ती तक्रार सोडून ध्वनिक्षेपक उचलला. हरवलेल्यांच्या घोषणा इंग्रजीत तयार करावयाच्या : वय, कपड्यांचा रंग, अखेरचे कोठे पाहिले, सापडल्यास कोठे आणावे. वर्णन करण्याचा याहून निकडीचा पाठ मला तरी ठाऊक नाही. एका मुलीने हरवलेली म्हणून आपल्या आजीचीच घोषणा लिहिली आणि ओळखण्याची खूण म्हणून ‘शी डज नॉट स्टॉप टॉकिंग’ असे नमूद केले. वर्गात हशा पिकला. वाक्य निर्दोष होते.

रात्रशाळेत तर गुरुशिष्यांचे नातेच उलटे झाले. तेथील विद्यार्थी दिवसा उपाहारगृहात, दुकानात, कुरियरच्या कचेरीत राबतात आणि सायंकाळी थकून वर्गात येतात. त्यांनी शहर पायांनी वाचलेले असते. कुरियरच्या कामावरील एका तरुणाने मला पिनकोड कसे बोलावयाचे ते शिकविले : परळ म्हणजे ‘फोर, ट्रिपल झिरो, वन, टू’, गिरगाव म्हणजे त्याच चालीवर अखेरीस ‘फोर’, आणि दूरध्वनीवर ‘ट्रिपल’ म्हटले नाही तर समोरचा एक शून्य खातोच. त्याला इंग्रजी येत नाही, असा त्याचा स्वतःचा समज होता. तो दिवसातून चाळीस वेळा इंग्रजी बोलत होता. ते इंग्रजी आहे एवढेच त्यास कोणी सांगितले नव्हते.

आक्षेप येतात, ते मी लपवीत नाही. हा खेळ आहे, परीक्षेत तिकीट विचारीत नाहीत, असे पालक म्हणतात, आणि त्यांचे चूक नाही. परीक्षेपुरते व्याकरण आम्ही वेगळे करून घेतोच. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू होऊनही (ते २००० सालापासून झाले) आमचे वर्ग ओस पडत गेले, मुले इंग्रजी माध्यमात गेली, तेव्हा आता या प्रयोगांचा उपयोग काय, असेही काही म्हणतात. माझे निरीक्षण असे, की माध्यम बदलले तरी त्या मुलांसही परळचा रस्ता इंग्रजीत सांगता येत नाही. त्यांच्या पुस्तकातही तोच चाकांच्या पेटीचा उतारू हिंडत असतो. आणि अशाने ‘मुंबईचे इंग्रजी’ तयार होईल, ही भीती? ते तयार झालेलेच आहे. प्रश्न ते मुलांना भीत भीत बोलावयास लावावयाचे की ताठ मानेने, एवढाच आहे.

आता दरखास्त. कालबाह्य झालेल्या मार्गांच्या जुन्या पाट्या, रद्द थांब्यांचे फलक, आणि यंत्रे येण्यापूर्वीच्या कागदी तिकिटांचे शिल्लक गठ्ठे आपल्या कोठारांत कोठे पडून असतील तर, मोडीत घालण्यापूर्वी, प्रत्येक विभागातील एक-दोन शाळांस ते मिळावेत. रंगीत तिकिटांचा तो पुठ्ठ्यावरील साज आणि कंडक्टरच्या चिमट्याची टिकटिक आजच्या मुलांनी पाहिलेली नाही. आणिक आगारात उपक्रमाने जुन्या वस्तूंचे संग्रहालय उभारले, त्यावरून असल्या वस्तूंची किंमत आपणांस मी सांगावयास नको. दुसरे, एखाद्या निवृत्तीस आलेल्या वाहकास महिन्यातून एकदा अर्धा तास शाळेत येण्याची मुभा द्यावी. त्याने इंग्रजी बोलावे अशी अपेक्षा नाही. त्याने मराठीत गाडी चालू ठेवावी, मुले तिचे इंग्रजी करतील.

आणि तिसरी मागणी, जिच्यासाठी हे पत्र उघड लिहिले : दुपारी एक ते तीन या मंद वेळेत, वर्षातून एकदा, एक गाडी परळहून लालबाग, भायखळा मार्गे गिरगावापर्यंत आणि परत. चाळीस मुले, आणि प्रत्येकास एक थांबा नेमून दिलेला. १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत आपली पहिली बस धावली. या मुलांचा मार्ग तिच्याहून लांब असेल, पण हेतू तोच, लोकांना कोठेतरी पोहोचविण्याचा. गाडी थांबली की नेमलेल्या मुलाने उठून, समोर परदेशी पाहुणे बसले आहेत असे समजून, त्या जागेविषयी पाच वाक्ये इंग्रजीत सांगावयाची. भारतमाता म्हणजे चित्रपटगृह, आणि गिरणगावाने त्याच्याबाहेर किती रांगा लावल्या. प्रार्थना समाज हा आधी १८६७ साली निघालेला समाज आणि मग थांबा. ठाकुरद्वार, खोताची वाडी, आणि आता ऑक्टोबर २०२५ पासून या साऱ्याच्या पोटाखालून गिरगाव स्थानक घेऊन जाणारी भुयारी मेट्रो. गोविंद नारायण माडगावकरांनी १८६३ साली ‘मुंबईचे वर्णन’ लिहून हे काम मराठीत एकट्याने केले. चाळीस जणांनी मिळून ते पाच-पाच वाक्यांत इंग्रजीत करावयास हरकत नसावी. इंधनाचा आणि वाहक-चालकाच्या भत्त्याचा खर्च काय होतो तो आपण कळवावा. मजजवळ माजी विद्यार्थी पुष्कळ आहेत आणि त्यांच्यातील काही आता माझ्याहून कितीतरी अधिक मिळवितात.

मंजुरीपूर्वी प्रत्यक्ष पाहणी करावी, अशी आपल्या खात्याची रीत असेल, तर ती मला मान्य आहे. सोमवारी किंवा गुरुवारी सायंकाळी सात वाजता रात्रशाळेचा इंग्रजीचा तास असतो. आपण स्वतः यावे किंवा कोणा अधिकाऱ्यास पाठवावे. मात्र कार्यालयाची मोटार न घेता आपल्याच गाडीने परळास उतरावे आणि केईएमच्या फाटकाशी जे कोणी पोर उभे असेल, त्यास शाळेचा रस्ता इंग्रजीत विचारावा. ते सांगेल. तोंडाने ‘लेफ्ट’ म्हणून त्याने हात उजवीकडे दाखविला, तर हाताच्या दिशेने यावे.

आपला नम्र,
परळचा एक निवृत्त इंग्रजी शिक्षक, आणि आपला जुना पासधारक